नातीचं बॅकअप कॉलेज

आमच्या उल्हासनगरात अकरावीचे ऑनलाइन फॉर्म भरून देणारे एक झेरॉक्सवाले आहेत. नाव मी कधी विचारलं नाही. ते मला अम्मा म्हणतात, मी त्यांना भाऊ. चष्मा कायम कपाळावर. दर वाक्याला "बरोबर ना?" विचारतात आणि उत्तराला थांबत नाहीत.

नातीला घेऊन गेले. पोर हुशार, पण तऱ्हेवाईक. मुंग्यांच्या रांगांचे नकाशे काढते, त्यावर गोष्टी लिहिते. मी ठसक्यात मुंबईचं एकच नावाजलेलं कॉलेज सांगितलं.

"अम्मा, दहा कॉलेजं भरता येतात. हे नाही मिळालं तर पोरगी कुठे जाणार? बॅकअप पाहिजे, बरोबर ना?"

"मिळेल हो," मी म्हटलं. खरं तर मला ते नाव सोसायटीत सांगायचं होतं, दुसरं काही नाही.

भाऊंनी मला सोडून नातीलाच विचारलं, "दिवसभर करतेस काय?" तिने वही पुढे केली. त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि पानन् पान वाचलं. मागे पाचजण ताटकळत उभे. मग अंबरनाथ-बदलापूरच्या कॉलेजांना फोन लावून सगळीकडे एकच विचारलं, "लायब्ररीत मुलांना स्वतः पुस्तकं चाळू देता का?" दोन ठिकाणी नाही म्हणाले, ती नावं गळली. बदलापूरचं एक हो म्हणालं, ते भरलं.

यादी लागली. मुंबईने आम्हाला ओळखही दाखवली नाही. बदलापूर मिळालं, आणि नात आता रोज लायब्ररी बंद झाल्यावरच निघते.

सोसायटीत मी सांगते, "आम्ही मुद्दाम हेच घेतलं. नीट चौकशी करून." चौकशी कोणी केली, हे मला अजून कोणी विचारलेलं नाही.