गयामावशीची पंगत

मी गाव सोडलं त्या सकाळी वसमतच्या स्टँडवर मला बसवून द्यायला एकटी आई आली होती. वडील शेतातल्या आखाड्यावर हळद शिजवत राहिले. खिडकीखाली उभी राहून आई एवढंच म्हणाली, "महाराजांच्या पाया पडली असतीस तं काय झालं असतं?"

आमचं गाव कुरुंद्याच्या अलीकडे. त्या वर्षी सप्ताहाला मोठे महाराज आले होते. सप्ताहाचं सगळं वडीलच बघायचे, कीर्तनात पखवाजही तेच वाजवायचे. महाराजांनी सांगितलं की जात देवानं नेमून दिलेली आहे, मागच्या जन्मी जसं केलं तसं या जन्मी मिळालं. मांडवाच्या कडेला, चपलांजवळ गयामावशी बसली होती. ती आमच्या हळदीच्या कामाला यायची. मला टायफॉईड झाला तेव्हा आईबरोबर उशाशी तीच बसून असायची. महाप्रसादाला तिच्या वस्तीची पंगत मात्र शेवटी आणि वेगळी.

मी उभी राहिले. "महाराज, गयामावशीनं मागच्या जन्मी काय केलं, ते तुमाला कुणी सांगितलं?"

महाराज रागावले नाहीत. शास्त्रावर शंका घेणं हेच पाप, असं शांतपणे म्हणाले आणि पुढच्या अभंगाकडे वळले. घरी वडिलांनी माफी मागायला सांगितलं. उत्तर मिळालं तर मागते, असं मी म्हणाले. त्यानंतर ते माझ्याशी बोललेच नाहीत. पुण्याला नर्सिंगला नंबर लागला होता, मी निघून गेले.

आम्हा गावाकडच्यांना वाटतं, शहरात हे सगळं संपतं. खोली बघायला गेले तर घरमालकीणबाईंनी आधी आडनाव विचारलं. माझ्या आडनावावर खोली मिळत होती, सोबतच्या सिस्टरच्या आडनावावर नव्हती. आम्ही दोघी दुसरीकडे राहिलो.

गेल्या वर्षी वडिलांना अर्धांगवायू झाला. मी रजा टाकून गेले. एका दुपारी मी खिचडी भरवत असताना ते अडखळत म्हणाले, "तू इचारलं ते बराबर व्हतं. मला तवाच कळलं व्हतं."

मग तेव्हा बोलला का नाहीत, असं मी विचारलं. त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. आठवड्याभरात ते गेले.

तेराव्याला गयामावशीचा थोरला मुलगा किसन आला. मावशी आधीच वारली होती. कुणी काही सांगितलं नाही, तरी तो आपणहून गोठ्याच्या बाजूला, त्याच्या वस्तीतल्या माणसांजवळ जाऊन बसला. मी माझं ताट घेऊन त्याच्या शेजारी बसले. माझा भाऊ वाढायचा थांबला. बायका बघू लागल्या. किसननं मान वर न करता हळूच म्हटलं, "ताई, उठा. तुमी उद्या पुण्याला जाताल. आमाला हितं राहायचंय."

मी उठले. आता कुणी घराचं विचारलं की मला तेच अंगण दिसतं. एका बाजूला माझी माणसं, दुसऱ्या बाजूलाही माझीच, आणि मधे मी, भरलेलं ताट हातात धरून उभी.