चौदा ते अठराचं कपाट

पुस्तक परत करायला आलेला माणूस ते टेबलावर ठेवून लगेच जात नाही, हे मला नोकरीच्या पहिल्याच महिन्यात कळलं. तो दोन मिनिटं रेंगाळतो. खुर्ची सरकवतो, पंख्याकडे बघतो आणि मग काहीतरी बोलून जातो. पुस्तकाची नोंद रजिस्टरमध्ये होते, त्या दोन मिनिटांची कुठंच होत नाही. ती आपल्याकडेच राहतात! नांदेडच्या आमच्या वाचनालयात मी बरीच वर्षं ग्रंथपाल आहे. पण माझ्याकडचा असल्या मिनिटांचा निम्मा साठा एकट्या एका नव्या कपाटाने दिलेला आहे.

आमच्याकडे दोनच विभाग होते, बालविभाग आणि मोठ्यांचा. नववी-दहावीतल्या पोरी बालविभागात यायच्या, ससे-कोल्हे बघून तोंड वाकडं करायच्या. मोठ्यांच्या विभागात गेल्या की तिथली काका मंडळी चष्म्यावरून बघायची. मग दोन्हीच्या मधल्या पॅसेजमध्ये जरा वेळ उभ्या राहून पोरी घरी! मी कार्यकारिणीच्या बैठकीत म्हटलं, यांच्यासाठी वेगळं कपाट करू. इंग्रजीत याला 'यंग अडल्ट' म्हणतात.

अध्यक्षांनी विचारलं, "म्हणजे नेमकं काय असतं मॅडम त्यात?"

मी म्हटलं, "तेच तर बघायचंय!"

* * *

कपाट आलं, पुस्तकं आली, वर पाटी लागली : 'युवा विभाग'. दुसऱ्याच दिवशी पांढरेशुभ्र कपडे, काळा गॉगल आणि पुढं आलेलं पोट असे एक गृहस्थ चार माणसं घेऊन हजर. वय पंचेचाळीसच्या पुढंच.

"मी शहर युवा अध्यक्ष," ते म्हणाले. "आमच्यासाठी विभाग काढला अन् उद्घाटनाला आम्हालाच बोलावणं न्हाई?"

पाटी त्याच दुपारी उतरवली. आमचे शिपाई रफिकभाई दोन वर्षांत रिटायर होणार, पण पाटी रंगवायला अजून हात स्थिर. त्यांनी नवीन पाटी केली, शब्दच नको म्हणून नुसते आकडे : '१४ ते १८'.

आता घोटाळ्याला जागा नाही, असं मला वाटलं. पण तिसऱ्या दिवसापासून रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका बरोबर दोनला यायला लागले. त्या कपाटासमोर बसायचे, वाचायचे आणि सहाच्या ठोक्याला उठायचे. आठवड्याने रफिकभाई माझ्याकडे आले.

"मॅडम, काका उसको टाइम समझ रहे! चौदा बजे से अठरा बजे!"

मी काकांना समजावून सांगायला गेले, तर त्यांनीच मला थांबवलं. "पुस्तकं भारी हायेत मॅडम. सहा वाचून काढली. फक्त एक तक्रार हाय. म्हातारा माणूस का जगत न्हाई हो यात? आजोबा आले की पाचव्या पानावर खोकायला लागतात अन् पंधराव्या पानावर खलास!"

मी त्या रात्री घरी नेलेली तीन पुस्तकं चाळली. तिन्हींत आजोबा गेलेले होते.

* * *

पहिल्या खरेदीत मी एक सोपा नियम लावला होता. नायक किंवा नायिका चौदा ते अठरा वर्षांची असली, की पुस्तक या कपाटात. त्या हिशोबाने एक फार गाजलेली, मला स्वतःला प्रचंड आवडणारी कादंबरी मी तिथं लावली. नायक पंधरा वर्षांचा, गाव नदीकाठचं, भाषा तर काय सुंदर!

दहावीतल्या अंकिताला ती मी आग्रहाने दिली. चार दिवसांत तिनं परत आणली.

"मॅडम, हे पुस्तक आमच्यासाठी न्हाई. आमच्याबद्दल हाय."

"त्यात काय फरक?"

"यात तो माणूस आता म्हातारा झालाय अन् आठवून राहिला. सारखं म्हणतो, काय दिवस होते ते, काय दिवस होते ते! आम्हाला काय माहीत कसे होते? आमचे तर चालूच हायेत!"

मी याविषयी दोन चर्चासत्रांना गेले आहे. तिथं इतकं स्पष्ट मला कुणी सांगितलं नव्हतं. कादंबरी मी स्वतः उचलून मोठ्यांच्या विभागात ठेवली.

* * *

लातूरला आम्ही एकदा पुस्तकांचा स्टॉल लावला होता, क्लासेसच्या भागात. एक वडील मुलीला घेऊन आले. त्यांनी एक कादंबरी उचलली, पुढून पाहिली, मागून पाहिली.

"यातलं नीटच्या परीक्षेला काय येतं?"

खोटं कशाला बोला? मी म्हटलं, "काहीच नाही."

मुलगी एकदम बोलली, "मग हेच घ्या, पप्पा!"

* * *

बिलोलीकडचे एक मुख्याध्यापक शाळेसाठी यादी मागायला आले. फार सज्जन माणूस. त्यांनी नको असलेल्या गोष्टींचा कागदच आणला होता. प्रेमप्रकरण नको. आईवडिलांना उलट बोलणं नको. घरातून पळून जाणं नको. शिक्षकांची चेष्टा नको. शेवटी कुणी मरायला नको.

मी आमचं अख्खं कपाट त्या कागदाला लावून पाहिलं. एकही पुस्तक उरेना! शेवटी वैतागून म्हटलं, "सर, आता रेल्वेचं टाइमटेबल तेवढं राहिलं."

शेजारी बसून फाटकी पुस्तकं चिकटवणाऱ्या रफिकभाईंनी मान वर केली.

"वो कैसा चलेगा मॅडम? भागने की पूरी जानकारी उसीमें है!"

सर इतके हसले की कागद खिशात घालून वीस पुस्तकं घेऊन गेले.

* * *

किनवटच्या बाजूला मुलींचं एक वसतिगृह आहे. तिथं आम्ही पुस्तकांची पेटी पाठवतो, दोन महिन्यांनी परत आणतो. एकदा पेटी उघडली, तर एका कादंबरीचे तीन तुकडे! फाटले नव्हते, दोऱ्यापासून नीट सोडवलेले. मला संताप आला. पुढच्या फेरीला मी स्वतःच गेले आणि विचारलं, हे कुणी केलं?

नववीतली एक पोरगी न घाबरता उभी राहिली. "मॅडम, पुस्तक एक अन् आम्ही चाळीस. सगळ्याजणी भांडून राहिल्या होत्या. म्हणून तीन भाग केले. एकीला पहिला, एकीला मधला, एकीला शेवटचा."

"अगं, म्हणजे काहींनी शेवट आधीच वाचला?"

"हाव. त्यांना आता लई उत्सुकता हाय मॅडम, सुरुवातीला काय होतं याची!"

परत आल्यावर रफिकभाईंनी ते तुकडे जोडले नाहीत. तिन्हींना वेगवेगळे पुठ्ठे लावले.

* * *

आणि ही दिवाळीनंतरची गोष्ट. उमरीकडच्या एका खेड्यातल्या बाई बाजाराला नांदेडला आल्या होत्या. पिशवीतून आमचं एक पुस्तक काढून त्यांनी टेबलावर ठेवलं. लेक वैष्णवी आमची सभासद, सध्या डॉक्टरकीच्या परीक्षेसाठी लातूरला क्लासला. सुट्टी संपवून परत गेली, पुस्तक घरी राहिलं.

"मला वाचाय येत न्हाई," बाई म्हणाल्या. "मी भाकरी करत व्हते अन् ती रोज वाचून दाखवायची. लई चांगली गोष्ट हाय."

"काय आवडलं त्यातलं?"

"ती पोरगी. डॉक्टरकीचा अभ्यास करून राहिली, पण तिचं मन न्हाई त्यात. जेवण जात न्हाई, झोप न्हाई. घरी सांगायला भेती. मग एक दिवस धीर करून आईला सांगती, आई, मला हे नको, मला परत बोलव." बाईंनी पुस्तकावर बोट ठेवलं. "इथंच अडलंय बघा. मी इचारलं, मग आई काय म्हणली? तर वैष्णवी म्हणती, पुढचं पान फाटलंय. तेवढं तुमच्याकडं असंल तर वाचून सांगा."

मी पुस्तक उघडलं. ही कादंबरी मीच निवडलेली, दोनदा वाचलेली. दोन मैत्रिणी जंगलात वाट चुकतात आणि तीन दिवसांनी सापडतात. क्लास नाही, परीक्षा नाही, आई तर अख्ख्या पुस्तकात कुठं बोलतच नाही. मी शेवटपर्यंत पानं उलटली. सगळी जागच्या जागी होती.

बाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

मी पुस्तक मिटलं. "हो ताई, फाटलंय."

"दुसरं न्हाई का असंच?"

"नाही. एकच होतं."

बाई जरा वेळ उभ्या राहिल्या. पंख्याकडे नाही, खिडकीकडे नाही, त्या बंद पुस्तकाकडेच बघत होत्या. मग त्यांनी पिशवीत हात घातला, मोबाइल काढला आणि माझ्यापुढं धरला.

"यात वैष्णवीचा नंबर हाय. लावून द्या मला. आई काय म्हणली ते सांगते तिला."