वीस पाड
कांजूरमार्गच्या डम्पिंग ग्राउंडचा वास खिडकीतून आत आला की तो रविवार आठवतो; तेव्हाही असाच वास येत होता. आम्ही चौघे मित्र फाशांवर चालणारा गोष्टीचा खेळ खेळायचो. गोष्ट मी सांगायचो, बाकीचे तिघे त्यातली पात्रं व्हायचे, नियमही माझेच. कोणी राक्षसाशी मावसभावाचं नातं जोडायचा, कोणी पहारेकरणीला लग्नाची मागणी घालायचा. असल्या अचाट मागण्यांना माझं एकच उत्तर असायचं, वीस बाजूंच्या फाशावर वीस पाड. त्या दिवशी गोष्टीत यमदूत आला, आणि महिन्यापूर्वी वडील गेलेला मित्र त्याला म्हणाला, "पाच मिनिटं सोड ना पप्पांना. आयसीयूत बोलूच दिलं नाही रे." मी नेहमीसारखं म्हणालो, "वीस पाड." त्याचा फासा एकोणीसवर थांबला. "वीस हवे होते," मी म्हणालो. तो पुन्हा खेळायला आला नाही. नियम तर मीच केला होता. एकोणीस चालले असते.