पाट्याले झालेली कावीळ

कुसुम गेल्याचा फोन आला तवा मी एका माणसाचे हात धूत होती. रविवार होता. ओसरीत चार-पाच जण बसेल होते, परातीत चुन्याचं पाणी. पुतण्या मेहकरहून बोलला, "मोठ्याई, आई गेली." म्या बरं म्हणलं, फोन ठेवला, अन् त्या माणसाचे हात पुरे धुऊन मंगच उठली. आता दीड महिना झाला...

कुसुम माही धाकटी जाऊ. पिंपळगाव राजाच्या अलीकडं आमचं गाव. आमच्या घरात सासूकडून मोठ्या सुनीकडं कावीळ उतरवाचं काम येते. आंब्याच्या सालीचा रस रोग्याच्या हाताले चोळाचा, वरून चुन्याचं पाणी घालाचं. पाणी पिवळं होते. तेच कावीळ निघाली, असं आमी समजो. असे तीन रविवार. तोवर दवाखान्याची सुई घ्याची नाई, नाई तं उतरत नाई म्हणे. पैसा कधी घेतला नाई, एक नारळ फक्त. आमी कोणाले फसवत नोहतो. आमालेच खरं वाटे.

कुसुम चौथी शिकेल. लेक दहावीले बसला तवा तीबी फारम भरून बसली. सासू म्हणे, आता माय-लेक एका बाकड्यावर बसून गोट्या खेळा. ती हासे अन् भाकरी थापता थापता वाचे, पुस्तकाच्या पानाले पीठ लागे. त्या पुस्तकात चुन्यानं रंग बदलते असं कायतरी होतं. एका दुपारी सासू झोपेल होती. कुसुमनं सालीचा रस सोताच्या हाताले चोळला. धडधाकट बाई. मले म्हणे, घाला पाणी. पिवळं. मंग तोच रस तिनं मसाल्याचा पाटा धुऊन त्याले चोळला अन् वरून पाणी सोडलं. पाट्यावरून पिवळी धार लागली.

"बाई, पाट्याले बी कावीळ झाली काय?"

म्या ते पाणी भिताडाच्या कडंनं सांडलं, वरून माती टाकली. आत्याबाईले सांगू नको म्हणलं, तं ती सांगूनच आली. सासू चिडली नाई. इतकंच म्हणे, "हे विद्या बाटली तं या घरातून एक जीव जाईन."

जीव गेला, पण आमच्या घरातला नाई. समोरच्या घरची सून, सातवा महिना, दुसऱ्या रविवारी आली तं डोळे हळदीसारखे. कुसुम म्हणे, हिले आत्ताच खामगावले न्या. सासू म्हणे, एकच रविवार राह्यला. सगळ्याईनं माह्याकडं पाह्यलं. म्या पाणी घातलं. इतकं पिवळं निघालं का लोक खुश झाले... गुरुवारी पोरगी गेली, पोटातल्यासगट. आमाले कोणी बोललं नाई. तिच्या सासूनं तं नारळबी आणून देला, तुमी केलं तेवढं केलं म्हणे. कुसुम महिन्याभरात बिऱ्हाड घेऊन मेहकरले गेली. तिथं पुढं शिकली, अंगणवाडीत लागली.

सणावारी येई. जेवता जेवता इचारे, अजून चालूच हाय काय? मी हाव म्हणो. काऊन बंद करत नाई, हे तिनं एकदाच इचारलं.

"बंद केलं तं त्या पोरीले कोणं मारलं, हे मले सोताच्या तोंडानं सांगा लागन."

कुसुमनं ताट बाजूले सारलं. मंग म्हणे, "मंग सांगा."

तिची तेरवी झाली, त्याच्या पुढच्या रविवारी एक बाप नऊ-दहा वर्साची पोरगी घेऊन आला. कुसुमची एक सवय होती, लेकरू जवळ आलं का आंगठ्यानं त्याची खालची पापणी ओढून पाहाची. माहा आंगठा आपसूक तसाच गेला. आत पिवळं जर्द. म्या म्हणलं, आज हात धूत नाई, हिले दवाखान्यात न्या. बाप म्हणे, आजी, लय दुरून आलो. समोरच्या ओट्यावर त्या सुनीची सासू डाळ पाखडत होती.

पोरगी म्हणे, "आजी, माह्यं पाणी पिवळं निघालं असतं काय?"

"निघालं असतं. कोणाचंबी निघते, बाई. चांगल्या माणसाचंबी."

समोर सुपाचा आवाज थांबला.

पोरीले बापासंगं ऑटोत बसवून धाडलं. मंग पदर सावरला अन् रस्ता ओलांडून मी समोरच्या बाईच्या ओट्याकडं निघाली. ती माह्याकडंच पाहून राह्यली होती.