न घेतलेली जागा

कडुलिंबाच्या फुलोऱ्याचा कडवट-गोड गंध वर्गाच्या खिडकीतून आत यायचा आणि फळ्यासमोर उभा असलेला मी क्षणभर विसरून जायचो, की इथला मास्तर मी नव्हेच! निजामी राजवट संपवणाऱ्या पोलीस ॲक्शनला फार दिवस लोटले नव्हते. औरंगपुऱ्याजवळच्या त्या शाळेतले शिक्षण उर्दूतून मराठीत येत होते आणि गणिताचे जाफर मास्टर मराठी शिकण्यासाठी रजेवर गेले होते. त्यांच्या रजेपुरता मी बदली शिक्षक. मीही त्यांचाच विद्यार्थी; तोंडाने मुलांना ‘वजाबाकी’ सांगे, मनात मात्र ‘तफरीक’ चाले.

दुसऱ्याच्या वर्गात असे उभे राहण्यातही एक निर्भर सुख असते. मुले लळा लावतात, निकालाचा जाब कुणी विचारत नाही. पाहुण्याला का कुणी घराचे गळके छप्पर दाखवते?

एके दिवशी हेडमास्तरांनी बोलावले. म्हणाले, “जाफर मास्टरांना मराठी जमायचं नाय. ही जागा कायमची तुमची करतो. परीक्षेआधी सांगा.”

पत्नी हरखली. माझ्यामागे गावोगावच्या शाळा फिरून ती विटली होती. “आता तरी भिंतीला खुंटी ठोकू द्या. दरवेळी बिऱ्हाड हलवायला मी काय सर्कशीत हाय व्हय?”

मी जाफर मास्टरांकडे गेलो. पाठीत वाकून ते बाराखडी गिरवत होते. मला पाहताच हसले. “अरे, इस ‘ळ’ ने तो मेरी जान खाई! अब तू उस्ताद, मैं शागिर्द.” जागेचा विषय माझ्या ओठांवर आला आणि तिथेच विरला. विचारले असते तर ‘ले ले बेटा’ म्हणाले असते, हे मी जाणून होतो. म्हणूनच विचारले नाही का? की कायम होण्याचेच मला भय होते? खरेच सांगतो, मला अजून उमगलेले नाही.

परीक्षा आली आणि गेली. मी होकारही दिला नाही, नकारही नाही. त्या जागेवर तिसराच कुणी आला. जाफर मास्टर घरी बसले आणि मी शेंद्र्याच्या शाळेत, आणखी कुणाच्या तरी रजेवर. कायम झालो तेव्हा कानशिले पांढरी झाली होती.

परवा उस्मानपुऱ्यात माझा सत्कार झाला. सरांनी गुरूसाठी नोकरीवर पाणी सोडले, असे एका जुन्या विद्यार्थ्याने सांगितले. टाळ्या कडाडल्या. मी हात जोडले. परतताना रिक्षात पत्नी हळूच म्हणाली, “मास्टरसाबांसाठी सोडलीत, म्हणून तर मी कधी बोलले नाय.”

तो त्याग नव्हता. मला ठरवता आले नव्हते, एवढेच. पण हे सांगून तिच्या इतक्या वर्षांच्या मुकाट सोसण्याखालचा आधार कसा काढून घेऊ? आणि न सांगता तिच्या शेजारी कसा बसू? सत्य इथे लिहून तर झाले आहे. ते आधी तिला वाचून दाखवावे, की छापून आल्यावर तिचे तिनेच वाचावे, एवढेही माझे अजून ठरत नाही.