साळूबाईंनी कापलेला फर्मा

साळूबाई पिंगळे मखमलाबादच्या. घरी झेंडू, कडेने मेथीचे वाफे, आणि सकाळी फुलबाजारात अंथरलेलं एक पोतं, हाच त्यांचा गाळा. शिक्षण चौथी. पण पुड्या बांधायला आणलेली रद्दी त्या आधी वाचतात, मग फाडतात. गिऱ्हाईक खोळंबलं तर खोळंबू दे.

अशाच एका पुरवणीच्या पानावर त्यांना उज्वला निकुंभ सापडल्या. कथेचा खालचा अर्धा भाग आधीच शेजारच्या गाळ्यावरून कुणाच्या तरी शेवंतीबरोबर निघून गेलेला. मी त्यांची रोजची गिऱ्हाईक आणि वाचनालयाची सभासद; साळूबाई मला म्हणाल्या, "ताई, ह्या बाईचं अजून काय हाय का कुठं?" वाचनालयात होतं. पहिली कादंबरी त्यांनी चार दिवसांत संपवली. उरल्या तीन.

एखादा लेखक आवडावा आणि त्याचं एकेक पुस्तक निवांत वाचत जावं, यासारखं सुख नाही. ते साळूबाईंना मिळालं नाही, कारण मध्ये सोमनाथ सर होते.

सर वाचनालयाचे अध्यक्ष. गेल्या वर्षी वार्षिक कार्यक्रमात साळूबाई प्रश्न विचारायला उठल्या, तेव्हा सर माइकवरून म्हणाले, "मावशी, आधी मेथी कशी दिली ते सांगा." अख्खा हॉल हसला. साळूबाई खाली बसल्या. मी हसणाऱ्यांचे चेहरे एकेक करून लक्षात ठेवले. साळूबाईंनी एकच ठेवला.

यंदा पाटी लागली: पाहुण्या, उज्वला निकुंभ. हातात आठ दिवस, आणि वाचनालयाचा नियम, आठवड्याला एकच पुस्तक. म्हणजे तीनपैकी एक.

ग्रंथपाल संजनाने तिन्ही टेबलावर मांडली. "ही बक्षीसवाली, सगळे हीच नेतात."

"सगळे नेतात तर सरांनीबी नेली असंल," साळूबाई म्हणाल्या. "मला अशी पाहिजे, जी मी वाचली आन् त्यांनी नाय."

"मावशी, सरांनी सगळंच वाचलंय. तो फळ्यावरचा लेख बघा ना."

लेख दिवाळीपासून तिथेच होता. 'सातवा वाफा' या कादंबरीवर. सरांनी लिहिलं होतं, वाचनालयाची ही एकुलती प्रत मी तीनदा वाचली, तीनही वेळा रडलो.

मी म्हटलं, "मग ती सोडा. ही बारकी घ्या, आठ दिवसांत होईल."

"घाई करू नका हो. भाजी घेताना जुडी उलटून बघता का नाय?"

त्यांनी तिन्ही पुस्तकं उलटून बघितली. कडांवरून अंगठा फिरवला. 'सातवा वाफा'वर अंगठा अडला. बाइंडिंगवाल्याच्या हातून एक फर्मा कापायचा राहिला होता. तेहेतीस ते अठ्ठेचाळीस, सोळा पानं कडेने जोडलेली, पाकिटासारखी बंद. मागच्या चिठ्ठीवर तीन तारखांचे शिक्के, तिन्ही सभासद क्रमांक चार. चार म्हणजे सर. दुसरं कुणी नेलंच नव्हतं.

संजनाने पुस्तक हातात घेतलं, परत ठेवलं, आणि फॅनकडे बघत म्हणाली, "मी काही पाहिलं नाही."

"हेच दे," साळूबाई म्हणाल्या.

मी सांगितलं, फर्मा तसाच ठेवा, पुरावा आहे, मी फोटो काढते. त्यांनी मला झापलं. "न वाचता कशी भांडू? त्यांच्यात आन् माझ्यात फरक काय मग?" मेथी कापायचा विळा त्यांनी धुतला, पुसला आणि एकेक घडी अशी कापली, की अक्षराला धक्का नाही. मग वाचलं. दुपारी पोत्यावर बसून पुन्हा वाचलं.

कार्यक्रमाला हॉल भरला. उज्वलाताई शेजारी बसलेल्या, आणि सर माइकवर वीस मिनिटं 'सातवा वाफा'. त्यातली रखमा कशी लढते, शेवटी हक्काचा वाफा कशी मिळवते, विजयाने कशी हसते. उज्वलाताईंनी एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि पाण्याचा ग्लास उचलला.

प्रश्नांच्या वेळी साळूबाई उठल्या. या वेळी चालत थेट माइकपाशी गेल्या.

"सर, रखमा शेवटी हसती म्हणालात. कुठल्या पानावर?"

"मावशी, पान नाही, भाव बघायचा असतो."

"रखमा त्रेचाळीस पानावर मरती. वाफा तिची सून मिळवती." त्यांनी पुस्तक उघडून लोकांना दाखवलं. "ही सोळा पानं चिकटलेली होती. मी परवा कापली. शिक्के मात्र तुमचे तीन हायेत."

सरांनी उज्वलाताईंकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "त्रेचाळीसच. मला फार जड गेलं होतं तिला मारणं."

हॉल हसला. मागच्या वर्षीचेच लोक, तीच तोंडं. हे लोक कुणाच्याही बाजूने हसतात, म्हणून मी त्यांना कधी माफ करत नाही.

चहाच्या वेळी सर जवळ आले. हळू आवाजात म्हणाले, "मावशी, मागचं ते... गमतीत बोललो होतो. चुकलं."

"माइक चालू हाय अजून," साळूबाई म्हणाल्या.

सर माइकपाशी गेले. घसा साफ करून म्हणाले, गेल्या वर्षी माझ्या बोलण्याने कुणाचं मन दुखावलं असेल तर...

"कुणाचं नाय," साळूबाई खालून म्हणाल्या. "नाव घ्या."

सरांनी नाव घेतलं. साळूबाई पिंगळे, पूर्ण. साळूबाईंनी 'असू द्या' म्हटलं नाही, मानही हलवली नाही. नंतर दोघातिघांनी मला ऐकवलं, सरांसारख्या म्हाताऱ्या माणसाला एवढं ताणू नये. मी विचारलं, गेल्या वर्षी साळूबाई उभ्या होत्या तेव्हा तुम्ही कुठे बसला होतात? ते चहाला गेले.

संजनाने पुस्तक जमा करून घेतलं आणि उरलेली दोन पुढे सरकवली. "आता कुठलं, मावशी?"

साळूबाईंनी दोन्ही हातात तोलून पाहिली. या वेळी चिठ्ठ्या बघितल्या नाहीत. पहिलं पान उघडलं, उभ्यानेच वाचायला लागल्या, आणि मागे रांग लागली.