ग्योतोकुतला हमिंगबर्ड

मंडळी, परवा ग्रुपवर 'ग्योतोकुत हमिंगबर्ड!' म्हणून व्हिडिओ टाकणारी मीच. चुकलं माझं.

आज सकाळी लेकीला घेऊन सायकलवरून पुन्हा त्याच बागेत गेले. तो आलाच! फुलासमोर हवेत स्थिर, पंख दिसतसुद्धा नव्हते.

शेजारी कॅमेरा लावून बसलेले एक जपानी आजोबा हसून काहीतरी म्हणाले. लेक म्हणाली, "आई, तो पक्षी नाही, पतंग आहे. दिव्यावर येतात ना, तसला. जपानमध्ये हमिंगबर्ड नसतातच म्हणे."

मी हिरमुसले. तिला म्हटलं, "विचार त्यांना, मग तुम्ही रोज कशाची वाट बघता?"

ती विचारून आली. "ह्याचीच."

खरं सांगा, 'पतंग' लिहिलं असतं, तर व्हिडिओ उघडला असता का तुम्ही? मी तर काढलाच नसता.